इंजान चालू तोवर हरकत चालू

पौड पोलीस ठाणे. तारीख १० डिसेंबर १९६४.

जबाब देणार: साळूबाई कोम गेणबा पडळघरे, वय अंदाजे साठ (मी अठ्ठावन्न सांगितलं होतं, हवालदार म्हणाले साठ लिहू, बरं दिसतं), धंदा शेती व एक म्हैस, राहणार रिहे, खालची आळी, तालुका मुळशी, जिल्हा पुणे.

मी वर लिहिलेली साळूबाई ठाण्यात समक्ष हजर आहे. डाव्या पायाला दवाखान्यात फळ्या बांधल्या असल्यानं उभं राहता येत नाही. म्हणून साहेबांच्या बाकड्यावर पाय लांब करून बसले आहे, त्यात कुणाचा अपमान करायचा हेतू नाही. जबाब हवालदार भिवाजी कोंढरे लिहून घेत आहेत. यात 'सदरहू' आणि 'मजकूर' असे शब्द आले तर ते हवालदारांचे समजावेत. बाकी सारं माझं.

विचारल्यावरून सांगते की, रिह्यात माझं घर, घराला चिकटून गोठा, मागं परडं आणि परड्याखाली भाताची खाचरं आहेत. मालक गेणबा वारून बरीच वर्षं झाली. लेक एकच, जया, ती सूसला दिली आहे. घरात मी आणि मोरी नावाची म्हैस अशा दोघीच राहतो. वरच्या अंगाला शेजारी हैबतराव मारणे यांचं परडं आहे. मधे बांध आहे. बांधावरून आमचं कधी भांडण झालेलं नाही. बांधावर शेवगा आहे, त्याच्या शेंगा ज्याला पाहिजे तो काढतो. हैबतराव माझ्या मालकांपेक्षा धाकटे असल्यामुळं मला वयनी म्हणतात. मी त्यांना चारचौघांत हैबतराव म्हणते आणि रागात हैबती. जबाबात जिथं जसं येईल तसं राहू द्यावं.

विचारल्यावरून सांगते की, गेल्याच्या मागच्या साली हैबतरावांनी आपल्या परड्यात, अगदी माझ्या गोठ्याच्या भिंतीला लागून, पिठाची आणि भात भरडायची गिरणी घातली. तेलावर चालणारं इंजान आहे. त्याआधी आमच्याकडं जातं ओढा, नाहीतर डोक्यावर पाटी घेऊन पौडची वाट धरा, असं होतं. त्यामुळं गिरणी आली तेव्हा गावानं नारळ फोडला. मीही खोबरं खाल्लं. खाल्लेलं नाकारत नाही. पण तेव्हा इंजान सुरू झालेलं नव्हतं.

इंजान सुरू झालं आणि माझ्या घरातली उतरंड थरथरायला लागली. वरचं गाडगं खालच्याला आपटतं ते दिवसभर. भिंतीचा गिलावा पापुद्र्यानं सुटून ताटात पडतो. भात भरडायला लागले की तुसं उडतात आणि वारा असा नेमका की सारी माझ्याकडं. वाळवणात तुसं, पाण्याच्या हंड्यात तुसं, डोईच्या केसांत तुसं. धुतलेलं लुगडं वाळत घातलं तर काजळीनं काळं होऊन परत येतं. हेही एक वेळ सोसलं असतं. पण मोरीनं पान्हा चोरायला सुरुवात केली. इंजान चालू असलं की ती कान टवकारून भिंतीकडं बघत उभी राहते, सड ओढून ओढून माझी बोटं दुखतात आणि तांब्याचा तळ झाकेल एवढं दूध येत नाही. इंजान बंद झालं की मुकाट्यानं देते. तिला काही रोग नाही, ढोरांचे डॉक्टर बघून गेले आहेत.

त्यात वर डबडं. हवालदारांना डबडं ठाऊक नाही म्हणून सांगते. इंजनाच्या धुराची नळी छपरातून वर काढली आहे. तिच्या तोंडावर हैबतरावांनी पत्र्याचं डबडं उपडं अडकवलं आहे. धुराच्या धक्क्यानं ते उडतं, पडतं आणि 'कुक, कुक, कुक' असं ओरडतं. त्याचा दळणाशी काही संबंध नाही. डोंगरापलीकडच्या वाड्यांना गिरणी चालू आहे हे कळावं म्हणून ते लावलं आहे. ज्याची गिरणी चालते त्याचं डबडं सगळ्यात मोठ्यानं ओरडलं पाहिजे, अशी या गिरणीवाल्यांत हौस असते. डोंगरापलीकडं ऐकू जाणारं डबडं माझ्या उशाला आहे.

मी बांधावर जाऊन बोलले. म्हटलं, "हैबती, डबडं तरी काढ."

ते म्हणाले, "वयनी, डबडं काढलं तर गिऱ्हाइकाला कळंल कसं?"

"अन माझ्या म्हशीला कळतंय त्याचं काय?"

"तिला सवं हुईल."

"मला?"

"तुमाला बी हुईल."

मला सवय झालेली नाही. म्हशीलाही झालेली नाही.

मग मी गाव बोलावलं. देवळापुढं बसून सगळ्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि म्हणाले, साळूबाई, तुमचं खरं आहे, पण गिरणी गावाला पाहिजे. तुमचं खरं आहे म्हणून सगळे उठले आणि दळणाच्या पाट्या घेऊन गिरणीत गेले. मला त्या दिवशी लई राग आला होता. तो इथं लिहिला तरी चालेल.

विचारल्यावरून सांगते की, त्यानंतर मी पौडला आले आणि कचेरीबाहेर बसतात त्या वकिलांना भेटले. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "बाई, तुमची बाजू चांगली आहे. शेजाऱ्यानं आपल्या जागेत काय करावं ही त्याची मर्जी, पण त्याच्या धुरानं, आवाजानं तुम्हाला तुमच्या घरात सुखानं राहता येईना, तर कायदा त्याला उपद्रव म्हणतो. हा खाजगी उपद्रव आहे."

मी म्हटलं, "खाजगी कसला? डोंगरापल्याड ऐकू जातोय."

ते हसले. म्हणाले, "गावाला त्याचा उपयोग आहे, त्रास फक्त तुम्हाला आहे. म्हणून खाजगी."

इतकं बरोबर माझं दुःख मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी विचारलं, मग करू काय? ते म्हणाले, दावा लावता येईल. पण दावा लावला आणि जिंकले तर गिरणी बंद होईल. मला गिरणी बंद करायची नव्हती. दळण मीही तिथंच दळते, पीठ बारीक येतं. दळण वेगळं आणि हरकत वेगळी. तेव्हा वकील म्हणाले, "मग निदान एक करा. निमूट बसू नका. कुणी काही न म्हणता वीस वर्षं असंच चाललं तर तो त्याचा हक्क होऊन बसतो, मग तुम्हाला बोलता यायचं नाही. म्हणून हरकत घ्या, ती त्याच्यापर्यंत पोचू द्या आणि चालू ठेवा."

हरकत चालू ठेवा, हे त्यांचे शब्द. मी घरी येईपर्यंत वाटेत ते घोकत आले. चालू ठेवा म्हणजे इंजान चालू तोवर हरकत चालू, हे मला समजलं. आता हवालदार म्हणतात की वकिलांच्या म्हणण्याचा अर्थ एकदा कागदावर लिहून पाठवा असा असणार. असेल. पण मग त्यांनी 'पाठवा' म्हणायचं होतं, 'चालू ठेवा' कशाला म्हणायचं?

विचारल्यावरून सांगते की, तेव्हापासून रोज इंजनाचं हॅन्डल मारल्याचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून बांधावर जाते, गिरणीच्या दाराकडं तोंड करून उभी राहते आणि मोठ्यानं म्हणते, "हैबतराव, या गिरणीला माझी हरकत हाय!" इंजनापुढं आवाज पोचत नाही आणि हरकत पोचली पाहिजे असं वकिलांचं म्हणणं, म्हणून हैबतरावांनी दारात येऊन हात वर केल्याशिवाय मी हलत नाही. हात वर झाला की हरकत पोचली. मग मी घरी जाते. यात शिवीगाळ नाही. पहिले काही दिवस ते चिडायचे, तोंड फिरवून उभे राहायचे, मग मी पुन्हा पुन्हा ओरडायची. पुढं त्यांनाच कळलं की लौकर हात वर केला तर लौकर सुटका होते.

मी जयाकडं सूसला गेले तर माझ्या वतीनं हरकत घ्यायला शेजारच्या रंभाबाईला सांगून जाते. रंभाबाई हसत हसत घेते, ते मला पसंत नाही, पण खाडा तरी पडत नाही. तापानं फणफणले होते तेव्हाही मी घोंगडी पांघरून बांधावर गेले आहे. त्या दिवशी हैबतराव म्हणाले, "वयनी, आजच्या दिस घरातनं घ्या की. मी आलो असतो ऐकाया." मी म्हटलं, घरात घेतलेली हरकत कोण मानणार?

गावात याची चेष्टा होते हे मला ठाऊक आहे. बाया एकमेकींना विचारतात, "हरकत झाली का गं?" झाली असं कळलं की दळण घेऊन निघतात. हैबतरावांनीही एकदा पंचांपुढं तक्रार केली की साळूबाईच्या ओरडण्याचा मला उपद्रव होतो, गिऱ्हाईक हसतं. मी पंचांना सांगितलं, त्यानं इंजान बंद करावं, मी तोंड बंद करते. पंच म्हणाले, दोघांचंही खरं आहे, आणि उठून गेले.

आता परवाच्या सोमवारचं. सकाळी न्याहारी करून मी माळ्यावरच्या पाट्या खाली काढायला शिडी लावली. दार आतून कडी लावून बंद होतं. दिवसाढवळ्या कडी का लावली असं हवालदार विचारतात. तुसांमुळं. भात निघालं आहे, सध्या भरडणं जोरात आहे, दार उघडं ठेवलं तर घरात तुसांचा थर बसतो. मी वरच्या पायरीवर असताना शिडीची पायरी तुटली आणि मी खाली आले, ती डाव्या पायावर. नडगीतून असा आवाज आला की मला आधी वाटलं शिडीच मोडली. उठायला गेले तर उठवेना. अंगावर वरची नाचणीच्या पिठाची पाटी उपडी झाली होती.

तेवढ्यात पलीकडं हॅन्डल मारलं आणि इंजान सुरू झालं. डबडं ओरडायला लागलं.

मी हाका मारल्या. हैबतराव, रंभे, कुणी तरी या. माझी हाक मलाच ऐकू येईना. सरपटत दाराशी जायला बघितलं तर पायातून अशी कळ आली की डोळ्यांपुढं अंधारी. रोज मी बांधावर उभी राहून सांगते ना की या आवाजापुढं माणसाला जगता येत नाही, ते तेव्हा अगदी खरं झालं. गिरणीला माझी हरकत खरी आहे याचा एवढा पुरावा दुसरा नाही, हेही लिहून घ्यावं. मी तिथं पडल्या पडल्या रडले. म्हटलं, आता जया येईल तेव्हाच दार उघडेल, आणि जया यायची संक्रांतीला. मला लई भ्या वाटलं, हवालदार. मालक गेले तेव्हा वाटलं नव्हतं एवढं.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मग एकाएकी इंजान बंद पडलं. भर दळणात. सारं असं गप्प झालं की गोठ्यातल्या मोरीचं रवंथ ऐकू यायला लागलं. पुढं काय झालं ते हैबतरावांनी मला गाडीत सांगितलं, ते असं. ते सवयीनं दारात आले, सवयीनं हात वर केला आणि बघतात तर बांधावर कुणी नाही. आधी त्यांना बरं वाटलं, हे त्यांनी कबूल केलं आहे. गिऱ्हाइकांना म्हणाले, "आज सुट्टी दिसतीया." मग आत जाऊन दळायला लागले. पण हात चालेना. पुन्हा दारात आले. पुन्हा बांध मोकळा. ताप असताना घोंगडी घेऊन आलेली बाई आज आली नाही, हे काही त्यांच्या डोक्यातून जाईना. पाट्या घेऊन उभ्या असलेल्या बाया ओरडत असताना त्यांनी इंजान बंद केलं आणि बांध ओलांडून माझ्या दाराशी आले.

बाहेरून हाक आली, "वयनी! ओ वयनी! आज हरकत न्हाई का?"

मी होता नव्हता तो जीव गोळा करून ओरडले, "हाय! हरकत हाय! पाय मोडलाय माझा!"

"काय मोडलंय?"

"पाय, मुडद्या, पाय! दार उघड!"

"आतनं कडी हाय!"

"मग मोड!"

'मोड' हा शब्द मी स्वतः, शुद्धीवर असताना, मोठ्यानं उच्चारला. हा शब्द हवालदारांनी ठळक लिहावा. इंजनाचं लोखंडी हॅन्डल घाईत त्यांच्या हातातच राहिलं होतं. त्यानंच त्यांनी दार मोडलं. माझा पुतण्या वाल्मीक यानं हैबतरावांवर जी फिर्याद दिली आहे, तिच्यात 'हातात लोखंडी हत्यार' असं जे लिहिलं आहे ते हेच. त्यांनी मला पाठंगुळी घेतलं आणि बाहेर आणलं. ते पिठानं पांढरे, मी पिठानं पांढरी, त्यांच्या कमरेला हॅन्डल खोचलेलं, असे आम्ही दारातून बाहेर पडलो. ते बघून रंभाबाई किंचाळली आणि "मेली, मेली, साळूबाईला मारलं" म्हणत आळीभर पळाली. तिला पांढरं माणूस दिसलं की भूत आठवतं, हे साऱ्या रिह्याला ठाऊक आहे. तिचं बोलणं पुरावा म्हणून धरू नये. पुढं हैबतरावांनी स्वतःची गाडी जुंपली, पेंढ्यावर मला निजवलं आणि पौडच्या दवाखान्यात आणलं. वाटेत दगडावरून चाक गेलं की मी त्यांना शिव्या घातल्या. त्यांनी त्या ऐकून घेतल्या.

विचारल्यावरून सांगते की, फिर्याद देणारा वाल्मीक माझा पुतण्या, माझ्या दिराचा मुलगा. तो वरच्या आळीला राहतो. माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर म्हटलं तरी चालेल. पावसाळा सरल्यापासून तो माझ्या दारात आला नव्हता. त्या दिवशी रंभाबाईची ओरड ऐकून आला, मोडलेलं दार बघितलं आणि मी दवाखान्यात कण्हत असताना इथं ठाण्यात येऊन लिहून दिलं की, हैबतरावानं गिरणीच्या वैरातून माझ्या चुलतीच्या घरात घुसून तिचा पाय मोडला. ही गोष्ट खोटी आहे. पाय शिडीनं मोडला. शिडी जुनी होती, ती बदल म्हणून मी वाल्मीकलाच दोनदा सांगितलं होतं.

फिर्याद देऊन तो दवाखान्यात माझ्या उशाशी आला. पेढे आणले होते. म्हणाला, "काकी, पोलीस येत्याल. तू निस्तं 'व्हय, मारलं' म्हण. हैबती आत गेला की त्याचा परवाना जातोय. मग आपुन आपली गिरणी काढू. जागा मी बघून ठिवलीया."

"कुटं?"

"तुझ्याच परड्यात की! गोठा काढायचा."

मी म्हटलं, "अन मोरी?"

"ती इकू."

"अन तुझी गिरणी माझ्या परड्यात आली तर मी हरकत कुणावर घेऊ?"

तो म्हणाला, "आपल्याच गिरणीवर कसली हरकत, काकी?" मी पेढे परत दिले. एक खाल्ला होता, तो सोडून.

विचारल्यावरून सांगते की, हैबतरावांत आणि माझ्यात वाद आहे का, याचं उत्तर होय असं आहे. रोज आहे. देवाशप्पथ विचारता आहात तर खोटं कसं सांगू? दोन वर्षं मी त्यांच्या गिरणीसमोर उभी राहून ओरडते आहे, सारा गाव साक्षीला आहे. हवालदारांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "बाई, असं लिहिलं तर त्यांच्या अंगाशी येईल. वैर होतं म्हणून मारलं, असंच साहेब म्हणतील." मी म्हटलं, वैर नाही, हरकत आहे. दोन्हींत फरक आहे. वैर असतं तर मी शेवग्याच्या शेंगा काढू दिल्या असत्या का? हवालदार म्हणाले, हा फरक कायद्यात नाही. मला वाटतं असायला पाहिजे.

मी एक सांगते, ते जसंच्या तसं घ्या. ज्या माणसाला मी दोन वर्षं रोज बोल लावला, त्यानं मी एक दिवस बोलले नाही म्हणून चालतं इंजान थांबवलं. माझं रक्ताचं माणूस हाकेवर राहतं, त्याला मी दिसले नाही याचं कधी काही वाटलं नाही. हैबतराव आले नसते तर मी तिथंच गेले असते. तो माणूस या फिर्यादीपायी काल सकाळपासून तुमच्या वऱ्हांड्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला आहे आणि मला ते बघवत नाही. मी आत आले तेव्हा मान वर करून त्यानं पहिलं काय विचारलं असेल? "वयनी, कळ कमी हाय का?"

यावर हवालदार म्हणाले, मग झालं तर. जबाबाच्या शेवटी 'माझी हैबतराव मारणे यांचेविरुद्ध काहीएक तक्रार नाही' असं लिहितो, तुम्ही अंगठा द्या, साहेब लगेच त्यांना घरी सोडतील.

मी म्हटलं, हे वाक्य मला देता येत नाही.

हवालदारांनी टाक खाली ठेवला. मी त्यांना समजावून सांगितलं की 'काहीएक तक्रार नाही' असं मी सरकारी कागदावर अंगठ्यानिशी दिलं, तर माझी हरकत गेली. दोन वर्षं ऊन, पाऊस, ताप न बघता चालू ठेवली ती एका ओळीत बुडाली. उद्या हैबतराव म्हणतील, बाईनंच लिहून दिलंय. हैबतराव नाही म्हणाले तरी त्यांची पोरं म्हणतील. हवालदार म्हणाले, दाराबद्दल तक्रार नाही, पायाबद्दल तक्रार नाही, गिरणीबद्दल आहे, असं तुकड्या-तुकड्यानं लिहिलं तर साहेब 'तक्रार आहे' एवढंच वाचतील आणि तो गडी पुण्याला कोर्टात जाईल. एकच वाक्य चालतं, बाई, आणि ते पूर्ण पाहिजे.

वऱ्हांड्यातून हैबतरावांनी ऐकलं. तिथूनच ओरडले, "वयनी, द्या लिवून! हरकत मी धरून घेतो रोजची. तुमी नाय आला तरी हात वर करंन!"

मी ओरडले, "तुझ्या धरून घेण्यानं काय हुतंय, हैबती? तू उद्या मेलास तर?"

"मग गिरणी बी ऱ्हात न्हाई!"

"तुजी पोरं चालवत्याल की!"

साहेब आतल्या खोलीतून म्हणाले, काय गलका आहे.

मी बराच वेळ विचार केला. हवालदारांनी मधे चहा दिला, तो घेतला. मला एकीकडं माणूस दिसत होता आणि एकीकडं माझा हक्क, आणि दोन्ही सोडवत नव्हते. माणूस सोडला तर मी माणूस नाही. हक्क सोडला तर वीस वर्षांनी माझ्या जयाच्या लेकरांना त्या घरात डबड्याखाली निजावं लागेल आणि तोंड उघडता येणार नाही. मग मी वकिलांचं बोलणं पहिल्यापासून मनात म्हणून बघितलं. आणि हवालदारांना विचारलं, "या घडीला हैबतराव कुटं हायेत?"

ते म्हणाले, "हे काय, बाहेर बसलेत."

"मग गिरणीचं इंजान कोण चालवतंय?"

"कुणी नाही. बंद आहे कालपासून."

मी म्हटलं, मग लिहा.

सबब लिहून देते की, इंजान चालू तोवर हरकत चालू, हे माझं पहिल्यापासूनचं म्हणणं आहे आणि ते तसंच आहे. या घडीला इंजान बंद आहे. या घडीला गोठ्याची भिंत हलत नाही, तुसं उडत नाहीत, मोरी दूध देत असेल. तरी या घडीला माझी हैबतराव मारणे यांचेविरुद्ध काहीएक तक्रार नाही. वाक्य पूर्ण आहे. साहेबांनी ते वाचावं आणि त्यांना आत्ताच्या आत्ता सोडावं, घरी पोचून त्यांनी हॅन्डल मारायच्या आत.

वरील जबाब हवालदारांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. 'काहीएक तक्रार नाही' इथं मी त्यांना थांबवून पुन्हा वाचायला लावलं आणि त्याच्या आधी 'या घडीला' हे शब्द आहेत की नाहीत, ते त्यांच्या बोटाखाली दाखवून घेतलं. आहेत. बाकीचं माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. मला धरून उठवायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून साहेबांच्या परवानगीनं हैबतरावांना आत बोलावलं, आणि त्यांच्या खांद्यावर उजवा हात टेकून डाव्या हाताचा अंगठा दिला.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, साळूबाई कोम गेणबा पडळघरे.
समक्ष, भिवाजी कोंढरे, हवालदार.